चक्राकार जाळी विणणारे सगळे कोळी एकाच कुळातले असतात का?

पायथ्याचा_मास्तर

नमस्कार मंडळी,

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील शाळेत मी शिकवतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्या शिवारात उसाच्या बांधावर, घाणेरीच्या झुडपांत आणि शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा गोल जाळ्यांचा सुकाळ असतो. या वर्षी मुलांनी कोळ्यांवर भित्तिपत्रक काढायचे ठरवले आहे. आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की गोल जाळे दिसले की तो ॲरानिडी कुळातला कोळी, एवढे एक वाक्य लिहिले की काम झाले. मला हे पटत नाही, कारण मुलांनी दाखवलेली जाळी एकमेकांशी जुळतच नाहीत. एक जाळे उभे असून त्यात पांढरी नागमोडी फुली विणलेली आहे, दुसरे जमिनीला समांतर आहे, तिसऱ्याच्या मधोमध कचऱ्याची उभी ओळ आहे आणि चौथ्याला तर चिकटपणाच नाही.

मुलांना आधी जाळे पाहायला शिकवावे आणि कोळ्याचे नाव त्यानंतर शोधावे, असे माझे मत आहे. ते शास्त्राला धरून आहे का आणि गोल जाळ्यावरून कूळ ठरवता येते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सह्यभटक

सर, तुमची शंका रास्त आहे. आपल्याकडे गोल जाळे विणणारे कोळी प्रामुख्याने तीन कुळांत विभागलेले आहेत. ॲरानिडी हे त्यांतले सर्वांत मोठे. जगभरात या एका कुळात तीन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे आणि तुमच्या बांधावरची नागमोडी फुलीवाली आर्जिओपी त्यातच येते. दुसरे टेट्राग्नॅथिडी, म्हणजे लांब जबड्यांचे कोळी. हे बहुधा पाण्याजवळ, भातात किंवा ओलसर झुडपांत आडवे अथवा तिरपे जाळे विणतात, आणि त्या जाळ्याच्या मध्यभागी मोकळे छिद्र असते. ते छिद्र दिसले की माझा अंदाज सहसा चुकत नाही. तिसरे उलोबोरिडी. या कोळ्यांना विषग्रंथीच नसतात.

कचऱ्याची ओळ लावणारा तुमचा कोळी सायक्लोसा वंशातला असावा. खाल्लेल्या किड्यांचे अवशेष आणि अंडकोश तो एका रेषेत बांधतो आणि स्वतः त्याच रेषेत पाय आखडून बसतो. त्यामुळे तो समोर असूनही चटकन सापडत नाही.

मृण्मयी_क

विषग्रंथी नसतील तर उलोबोरिडी कुळातले कोळी भक्ष्य मारतात तरी कसे? आणि चिकटपणा नसलेल्या जाळ्याबद्दल सरांनी जे विचारले आहे, ते याच कोळ्यांचे जाळे का?

सह्यभटक

मृण्मयीताई, हे कोळी भक्ष्याभोवती इतके सूत गुंडाळतात की आवळल्यामुळेच त्याची हालचाल थांबते. नंतर त्या गाठोड्यावर पाचकरस ओतून ते अन्न शोषून घेतात. त्यांच्या जाळ्यात डिंकासारखा द्रव नसतो हे खरे, पण किडा मात्र अडकतो. त्यांच्या पोटाखाली, सूत काढणाऱ्या अवयवांच्या पुढे, चाळणीसारखी एक पट्टी असते. तिच्यातून अत्यंत बारीक तंतू निघतात आणि चौथ्या पायावरच्या केसांच्या फणीने कोळी ते विंचरतो. असा पिंजलेला कोरडा तंतू किड्याच्या अंगावरच्या केसांना आणि काट्यांना धरून ठेवतो. जुन्या घरांच्या कोपऱ्यांत आडवे, नाजूक जाळे दिसले, तर झोसिस वंशातला कोळी शोधून पाहा.

सरांनी पाहिलेले जाळे मात्र सायर्टोफोराचे असण्याची शक्यता मला अधिक वाटते. त्याची वीण बारीक आणि जवळपास चौकोनी असते, मधला भाग तंबूसारखा वर उचललेला असतो आणि खालीवर धाग्यांचा गुंता असतो. गंमत अशी की हा कोळी ॲरानिडी कुळातला असूनही त्याच्या जाळ्यात चिकट धागा नसतो. किडा वरच्या गुंत्याला धडकून खालच्या चादरीवर पडतो आणि कोळी खालून त्याला पकडतो.

सूक्ष्मदर्शी

मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून इथे एक आक्षेप नोंदवतो. जाळ्यावरून आणि पाठीवरच्या रंगावरून कोळ्याची जात ठरवण्याची जी पद्धत समाजमाध्यमांवर रूढ झाली आहे, ती धोक्याची आहे. निओस्कोना वंश घ्या. एकाच जातीच्या माद्यांमध्ये तपकिरी, पिवळसर, हिरवट असे रंग आढळतात, आणि दोन वेगळ्या जातींच्या माद्या पाठीकडून अगदी सारख्या दिसू शकतात. मादीच्या पोटाखालचे जननांग आणि नराच्या तोंडाजवळील स्पर्शपादाचे फुगीर टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज जात निश्चित होत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या बी. के. टिकादर यांनी 1982 मध्ये ॲरानिडी कुळावर जो खंड प्रसिद्ध केला, त्यातही याच अवयवांच्या आकृत्यांवर भर आहे.

वर्गीकरणाचा पाया तर त्याहून जुना आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात 1758 पासून मानतात. त्याला अपवाद एकच, तो म्हणजे स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांनी 1757 मध्ये प्रसिद्ध केलेले कोळ्यांवरचे काम. म्हणजे कोळ्यांची नावे शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्याही आधीची ग्राह्य धरली जातात. इतक्या जुन्या आणि काटेकोर शाखेत मुलांना प्रवेश द्यायचा असेल, तर पहिल्या दिवसापासून 'फोटोवरून जात सांगू नये' हा दंडक शिकवावा.

पायथ्याचा_मास्तर

सर, आपला मुद्दा मान्य आहे, पण आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि मुले पाचवी-सहावीची आहेत. कोळी पकडून अल्कोहोलमध्ये ठेवण्याची माझी तयारी नाही. मुलांनी वंशापर्यंत जरी ओळख पटवली, तरी मला ते पुरेसे वाटते.

सह्यभटक

वंशापर्यंत पोहोचण्यासाठी जाळे हा उत्तम पुरावा आहे, आणि तो कोळ्याला हात न लावता मिळतो. सूक्ष्मदर्शी सरांचा दंडक जातीसाठी योग्य आहे. पण जाळ्याचा कोन, मध्यभाग उघडा आहे की विणलेला, कोळी मध्यावर बसतो की पानाच्या घडीत दडतो, जाळे दिवसा असते की फक्त रात्री, या चार नोंदी असतील तर मेलेल्या नमुन्यातून न कळणारी माहिती हाती येते. बाटलीतल्या कोळ्याला जाळे नसते.

सूक्ष्मदर्शी

या नोंदी मौल्यवान आहेत, हे मलाही मान्य आहे. त्यांत वेळ आणि झाडाची उंची यांची भर घाला.

आजऱ्याचं_शिवार

मी भातशेती करतो. आमच्या घनसाळच्या खाचरात सकाळी दव असताना रोपांच्या शेंड्यांवर आडवी जाळी चमकताना दिसतात. त्यांतला कोळी काडीसारखा बारीक असतो आणि चाहूल लागताच पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून पानाला असा चिकटतो की नजर ठरत नाही. हाच लांब जबड्यांचा का? तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंग मी त्याच्या जाळ्यात पाहिले आहेत. माझा अनुभव असा की ज्या खाचरात लावणीनंतर लगेच फवारणी होते, तिथे ही जाळी पुढे कित्येक दिवस दिसत नाहीत, आणि तुडतुडे मात्र परत येतात.

सह्यभटक

हो दादा, तोच. टेट्राग्नाथा वंश. जबडे पाहायचे असतील तर नराचे पाहा. मीलनाच्या वेळी नर आपल्या जबड्यावरच्या काट्याने मादीचे सुळे अडकवून धरतो. त्यामुळे तिला चावता येत नाही.

फवारणीबद्दलचा तुमचा अनुभव जगभरच्या भातशेतीतील अनुभवाशी जुळतो. सरसकट मारणाऱ्या औषधाने तुडतुड्यांआधी त्यांचे शत्रू मरतात. तुडतुड्यांची वाढ झपाट्याने होते, कोळ्यांची संख्या पूर्ववत व्हायला मात्र वेळ लागतो. मधल्या रिकाम्या काळात कीड पुन्हा उसळते.

रंकाळाकाठ

विषय चांगला चालला आहे, पण मला मुळात भीती वाटते. आमच्याकडे अंगावर पुरळ उठले की 'कोळी फिरला' असे म्हणतात. बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये असा एक मोठा कोळी आहे. घरात लहान मूल असल्यामुळे जाळे काढून टाकावे का?

सूक्ष्मदर्शी

ताई, कोळी अंगावरून गेल्याने फोड येत नाहीत. पट्ट्यासारखे दुखरे फोड हे पुष्कळदा नागिणीचे असतात, आणि पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा पीडेरस नावाचा काळा-नारिंगी बारीक भुंगेरा अंगावर चिरडला गेला, तरी तशीच जळजळ होऊन फोड येतात. दोन्ही प्रकारांत डॉक्टरांना दाखवावे आणि कोळ्याला दोष देऊ नये. गोल जाळे विणणारे आपल्याकडचे कोळी माणसासाठी धोकादायक नाहीत. त्यांची दृष्टी अधू असते, ते धाग्याच्या कंपनांवर जगतात आणि जाळे सोडून कोणाच्या मागे लागत नाहीत. हाताने पिळून धरला तरच तो चावेल, आणि मग थोडी सूज येऊन ती ओसरेल.

करवीरकर

रंकाळाकाठताई, काढून टाकण्याआधी एकदा संध्याकाळी दिवा मालवून, मंद विजेरी घेऊन त्याच्यासमोर बसा. आमच्या मागील दारी निओस्कोना आहे आणि तिचे विणकाम मी जवळून पाहिले आहे. आधी ती वाऱ्यावर एक धागा सोडते. तो समोरच्या फांदीला अडकला की ओढून त्याची खात्री करते. मग त्या धाग्यावरून मधोमध येऊन खाली उतरते, तेव्हा तीन टोकांचा सांगाडा तयार होतो. त्यानंतर चौकट आणि मध्यातून निघणारे आरे येतात. आरे पूर्ण झाले की ती मध्यापासून बाहेरच्या दिशेने एक विरळ, कोरडी सर्पिल रेषा टाकते, आणि खरे नवल त्यापुढे आहे. ती बाहेरून आत येऊ लागते, प्रत्येक आऱ्यावर पुढच्या पायाने आधीचा फेरा चाचपते, मागच्या पायाने नवा चिकट धागा खेचून तिथे टेकवते, आणि वाटेत ती आधीची कोरडी रेषा तोडत जाते. म्हणजे ती रेषा केवळ परातीसारखी, तात्पुरती बांधलेली असते. हे सारे साधारण तासाभरात उरकते. पहाटे ती पुष्कळदा जाळे खाऊन टाकते आणि त्यातली प्रथिने पुढच्या जाळ्यासाठी पुन्हा वापरते.

सूतगिरण

करवीरकर, विणकामाचे वर्णन आवडले, फक्त कोरड्या रेषेला आम्ही पाड (बांधकामापुरता उभारलेला आधार) म्हणू, परात नव्हे. इचलकरंजीत आमची यंत्रमागाची दोन पिढ्यांची कामे आहेत, म्हणून धाग्याविषयी विचारतो. कोळ्याचा धागा वजनाच्या मानाने पोलादापेक्षा चिवट असतो असे वाचले आहे. मग रेशमाच्या किड्यासारखे कोळी पाळून कापड का काढत नाहीत?

सह्यभटक

प्रयत्न झाले आहेत. मादागास्करमध्ये सोनेरी जाळे विणणाऱ्या कोळ्यांचा धागा काढून एक अंगरखा विणला गेला आणि तो 2012 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडला होता. त्यासाठी सुमारे 12 लाख कोळी लागले. कोळी रानातून आणायचे, हाताने चालणाऱ्या यंत्रावर त्यांचा धागा ओढायचा आणि त्यांना परत सोडायचे, अशी ती पद्धत होती. पिवळा रंग नैसर्गिकच आहे, रंगवलेला नाही. व्यवसाय मात्र उभा राहू शकत नाही, कारण एकत्र ठेवलेले कोळी एकमेकांना खातात. म्हणून आता कोळ्याच्या रेशमाची जनुके यीस्ट, जिवाणू किंवा रेशीमकिड्यात घालून ती प्रथिने बनवण्याकडे संशोधन वळले आहे.

तुमच्या धंद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. कोळ्याकडे एक सूत नसते. चौकट आणि आऱ्यांसाठी एका ग्रंथीतले मजबूत सूत, चिकट फेऱ्यासाठी दुसऱ्या ग्रंथीतले ताणले जाणारे सूत, त्यावरचा डिंक तिसऱ्या ग्रंथीतला, भक्ष्य गुंडाळण्याचे सूत वेगळे, अंडकोशाचे वेगळे आणि धागा फांदीला चिकटवण्याचे वेगळे. किडा आदळल्यावर जाळे फाटत नाही, त्याचे एक कारण म्हणजे आरे धक्का सोसतात आणि फेरे लांबतात.

दाजीपूरवाट

सोनेरी जाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. पावसाळा सरता सरता राधानगरी अभयारण्यात दाजीपूरच्या वाटांवर नेफिलाच्या मोठ्या माद्या बसलेल्या असतात. पाय पसरले तर ती तळहाताएवढी भरते, आणि तिच्याच जाळ्याच्या कडेला काही मिलिमीटरचा तांबूस नर असतो. नवख्या माणसाला तो वेगळाच किडा वाटतो. शिवाय त्या जाळ्यात चंदेरी ठिपक्यासारखे बारीक आर्जिरोडिस कोळी फिरताना मी नेहमी पाहतो. ते स्वतः गोल जाळे विणत नाहीत. नेफिलाने दुर्लक्ष केलेले छोटे किडे पळवतात.

नेफिला आणि आर्जिओपी यांच्या शिकारीतला फरकही पाहण्यासारखा आहे. नाकतोडा अडकला की आर्जिओपी मागच्या पायांनी सुताचा रुंद पट्टा त्याच्यावर फेकते, त्याला फिरवत गुंडाळते आणि मग चावते. पतंग अडकला तर मात्र ती आधी चावते, कारण पतंगाचे खवले डिंकाला चिकटून राहतात आणि तो निसटतो. नेफिला सगळ्यांनाच आधी चावते आणि नंतर गुंडाळते.

आमच्या गटातले काही जण नेफिलाचे वेगळे कूळ मानतात. ते बरोबर आहे का?

सूक्ष्मदर्शी

हे कूळ सारखे हलत आले आहे. पूर्वी नेफिला टेट्राग्नॅथिडीत ठेवत असत. 2006 मध्ये नेफिलिडी असे स्वतंत्र कूळ मानले गेले, 2017 मध्ये जनुकीय पुराव्यावरून ते ॲरानिडीचे पोटकूळ ठरवण्यात आले, आणि 2019 मध्ये काही अभ्यासकांनी ते पुन्हा स्वतंत्र करण्याची बाजू मांडली. त्याच कामात नेफिलातल्या कित्येक जाती ट्रायकोनेफिला या वंशात गेल्या. भित्तिपत्रकावर फक्त 'नेफिला' असे लिहून कुळाबाबत मतभेद आहेत, अशी टीप देणे सुरक्षित आहे.

मृण्मयी_क

आर्जिओपीची ती पांढरी फुली नेमकी कशासाठी असते? जाळे मजबूत करण्यासाठी असते, असे लहानपणी ऐकले होते.

सह्यभटक

मजबुतीची कल्पना आता मागे पडली आहे, कारण ती पट्टी जाळ्याला ताण देत नाही. ती अतिनील प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे किडे आकर्षित होतात, असे एक मत आहे. पक्ष्यांना जाळे दिसावे आणि त्यांनी ते मोडू नये, असे दुसरे. तिसरे मत असे की ती कोळ्याला लपवते किंवा मोठे भासवते. प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. काही ठिकाणी फुलीच्या जाळ्यात जास्त किडे सापडले, काही ठिकाणी कमी. दिवसा उघड्यावर जाळ्यात बसणाऱ्या कोळ्यांमध्येच अशी सजावट मुख्यतः आढळते. त्यामुळे शत्रूपासून बचावाचे कारण मला अधिक पटते.

करवीरकर

मला ते पटत नाही. आमच्या बांधावर एकाच आर्जिओपीने एके दिवशी पूर्ण फुली विणली, दुसऱ्या दिवशी एकच बाजू आणि नंतर काहीच नाही. बचावासाठी असेल तर ती रोज का विणत नाही?

सूक्ष्मदर्शी

हाच प्रश्न मुलांना द्या. फुली किती बाजूंनी आहे, आदल्या दिवशी शिकार मिळाली होती का आणि ऊन होते का, हे त्यांनी रोज लिहावे. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.

पायथ्याचा_मास्तर

ही कल्पना मला फार आवडली, आणि उद्यापासूनच नोंदवहीत तो रकाना आखतो. आता मूळ प्रश्नाकडे येतो. तीन वेगळ्या कुळांत गोल जाळे आढळते, तर ते जाळे एकदाच निर्माण झाले की वेगवेगळे?

सूक्ष्मदर्शी

यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. गोल जाळे एकाच पूर्वजाकडून आले आणि कोरडा तंतू जाऊन चिकट तंतू आला, असे दीर्घकाळ मानले जात होते. 2014 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जनुकांच्या मोठ्या संचावर काम केले आणि त्यातून उलोबोरिडी हे ॲरानिडीपेक्षा उड्या मारणाऱ्या आणि जमिनीवर हिंडणाऱ्या कोळ्यांना जवळचे निघाले. याचे दोन अर्थ संभवतात. एक, गोल जाळे फार प्राचीन असून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पूर्वजांनी ते सोडून दिले. दुसरा, ते किमान दोनदा स्वतंत्रपणे घडले.

उलट बाजूही मुलांना सांगा. ॲरानिडी कुळातल्या सर्वांनाच गोल जाळे नसते. सायर्टोफोराचे उदाहरण वर आलेच आहे. त्याच कुळातला ऑर्डगेरियस जाळे विणतच नाही. तो एका धाग्याच्या टोकाला चिकट गोळी लावून ती झुलवतो आणि मादी पतंगाच्या गंधाची नक्कल करून नर पतंगांना जवळ ओढतो. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांचे वाक्य दोन्ही बाजूंनी अपुरे आहे.

पायथ्याचा_मास्तर

हे दोन्ही परिच्छेद मी पत्रकावर उतरवून घेतो. शेवटी एकच विचारतो. शाळेच्या जुन्या दगडी भिंतीच्या कोपऱ्यात एक कोळी सुताच्या नळीत राहतो. जाळे अर्धेच गोल असून भिंतीला टेकलेले आहे. दिवसा तो नळीत असतो आणि रात्री बाहेर येतो. हा कोण असावा?

सह्यभटक

वर्णनावरून नेफिलेंजिस मलाबारेन्सिस वाटतो, म्हणजे नेफिलाच्याच नात्यातला. इमारतींच्या आणि मोठ्या झाडांच्या आधाराने तो असेच जाळे करतो. या जातीचे नर मीलनात आपला स्पर्शपाद तोडून मादीच्या अंगात सोडतात, आणि तुटलेल्या भागातून शुक्राणू पुढेही जात राहतात. सिंगापूरमधील संशोधकांनी 2012 मध्ये हे प्रसिद्ध केले. खात्रीसाठी रात्री ती बाहेर आल्यावर पोटाच्या खालच्या बाजूचा फोटो हवा. ती भिंतीकडे पोट करून बसली असेल तर एक छोटा आरसा मागे धरा आणि विजेरीचा झोत थेट तिच्यावर टाकू नका, नाहीतर ती नळीत शिरेल. फोटो इथेच टाका, सूक्ष्मदर्शी सर आणि मी दोघेही पाहू.